चुकांच्या वह्यांचा लगदा

त्या ऑगस्टमध्ये घरात आम्ही तिघी होतो. दोघी दमलेल्या होत्या आणि तिसरी मी. बाबा उल्सानच्या कारखान्यात. पंधरा दिवसांनी घरी यायचे, झोपायचे, उठून परत जायचे. त्यांनाही दमलेल्यांतच धरायला हरकत नाही.

आई शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद, म्हणून ती पीच भरायच्या शेडवर जायची. आमच्या छंगदो गावात ऑगस्टमध्ये सगळ्यांचे हात पीचमध्येच असतात. त्या फळांची लव आईच्या कातडीत घुसायची आणि कोपरापर्यंत पुरळ उठायचं. संध्याकाळी घरी आली की बूट काढायला दारात बसायची आणि बूट काढून झाले तरी पाच-पाच मिनिटं उठायचीच नाही.

ताई सत्तावीस वर्षांची. तिचं नाव चिन्सोल. सरकारी कचेरीतल्या नोकरीची परीक्षा तिने चौथ्यांदा दिली होती आणि जुलैत निकाल लागला, तेव्हा चौथ्यांदा राहिली. दीड गुणाने. तेव्हापासून ती खोलीत असायची. अभ्यास नाही, झोपही नाही. भिंतीकडे तोंड करून आडवी पडायची आणि दुपारी दोनच्या सुमारास एकदा पाणी प्यायला बाहेर यायची. मोठ्या माणसांना असं पडून राहता येतं हे मला तेव्हाच कळलं.

मी मात्र फॉर्मात होते! गेल्या सत्रात मी आयुष्यात पहिल्यांदा चित्रकलेच्या तासाला आपण होऊन हात वर केला होता आणि नामबाईंनी माझा ठसा चक्क जिन्यापाशी लावला होता. दोन आठवडे मी मुद्दाम त्याच जिन्याने गेले. सुट्टीत बाईंनी सगळ्यांना एक काम दिलं: कागद, ठसा आणि झाडाचा रंग, तिन्ही एकत्र येईल असं काहीतरी, आणि तेही घरात मिळेल त्यातूनच.

घरात काय मिळतं? तर सगळं मिळतं. आधी मी कांद्याची सालं उकळली. घराला तीन दिवस सूपसारखा वास येत होता. मग अनंताची सुकी फळं, ज्यांनी मुळ्याचं लोणचं पिवळं करतात ती, रात्रभर भिजवली. त्या पाण्यात हांजीचा ताव, म्हणजे आपला सालीचा कागद, बुडवला की असा पिवळा होतो की बघत राहावं. जुन्या पुस्तकांची वेष्टणं अशीच असायची. पिवळा ताव ओला असतानाच कोरलेल्या फळीवर अंथरायचा, वर मेण लावायचं आणि गुळगुळीत दगडाने घासत सुटायचं. शाई अजिबात नाही. नुसती फुलं वर उठतात. फळी नव्हती, म्हणून मी शाळेतली रबराची पाटी कोरली. दगड नव्हता, म्हणून बाबांच्या सोजू दारूच्या छोट्या पेल्याचं बूड वापरलं. पहिला ताव फाटला. दुसरा पाटीला चिकटला. तिसऱ्यावर फूल आलं. पाणी प्यायला आलेल्या ताईने ते बघितलं.

"झुरळ छान आलंय," ती म्हणाली आणि परत खोलीत गेली.

महिन्याभरात तिने केलेला तो पहिला विनोद होता. मी तो ताव जपून ठेवला.

मग मामाच्या बागेतून गळालेली हिरवी पर्सिमनची फळं आणली. मिक्सरमध्ये फिरवायची, पिळायची आणि तो रस कागदाला फासायचा. लावताना काहीच दिसत नाही, फिकट चहासारखं. ऊन लागलं की रंग चढतो. वाळवायचा, पाणी मारायचं, परत वाळवायचा, परत पाणी. दहा-दहा दिवस. कागद मातकट तपकिरी होतो आणि चामड्यासारखा चिवट. आमच्या गॅलरीत ऊन जेमतेम तीन तास येतं, म्हणून मी तावांच्या मागे मांजरासारखी सरकत बसायचे. उरलेला तुरट रस बाटलीत भरून किमचीच्या, म्हणजे आमच्या कोबीच्या लोणच्याच्या, फ्रिजमध्ये ठेवला. तिथेच आईची आलुबुखारच्या सरबताची बाटली असते. पुढचं सांगायला नकोच. आई शेडवरून आली, पेला भरला आणि अर्धा गटागटा प्यायली. तिचं तोंड आतून असं आवळलं की ओठ वेगळे होईनात.

"आई, थुंक! थुंक ना!"

तिने नुसता हात हलवला. ओरडायचंही त्राण नव्हतं तिच्यात. फ्रिजला टेकून उभी राहिली, डोळे मिटून, तोंड आवळून. मला हसू येत होतं आणि मग यायचं थांबलं.

नामबाईंनी सुट्टीच्या आधी एक गोष्ट सांगितली होती. राजांच्या काळात परीक्षेत नापास झालेल्यांचे कागद फेकून देत नसत. गठ्ठे बांधून उत्तरेच्या सीमेवर पाठवत, तिथले शिपाई थंडीत ते कपड्यांत भरत. आणि गरिबाघरी लाकडाची भांडी परवडत नसत, म्हणून लोक रद्दी कागद भिजवून, कुटून, खळ घालून त्याची वाडगी करत. बियाणं ठेवायला, तांदूळ ठेवायला. वाडगं! वर पर्सिमनचा रंग आणि आत पिवळा ठशाचा कागद! तिन्ही गोष्टी एकत्र! मी बिछान्यात उठून बसले. फक्त भरपूर रद्दी हवी होती.

बुधवार हा आमच्या इमारतीत सुक्या कचऱ्याचा दिवस. त्या बुधवारी मी दुपारी शाळेच्या जादा तासाहून आले तर दाराशी, बुटांच्या कपाटाजवळ, दोरीने बांधलेले दोन गठ्ठे. ताईच्या वह्या. अकरा वह्या, निळ्या कव्हरच्या. मी बघितल्याबरोबर ओळखल्या. त्या चुकांच्या वह्या होत्या. जो प्रश्न चुकला तो कापून डाव्या पानावर चिकटवायचा, उजवीकडे का चुकला ते लाल शाईने आणि बरोबर काय ते निळ्याने. आम्ही सगळेच करतो, पण ताईइतक्या नीट कुणीच नाही. प्रशासनाच्या कायद्याच्या एकट्या चार वह्या होत्या.

नापास झालेले कागद, आणि तेही टाकायला काढलेले! मला वाटलं हे माझ्यासाठीच ठेवलंय कुणीतरी.

किमची घालायचा मोठा लाल रबरी टब गॅलरीत ओढला, गरम पाणी ओतलं, वह्यांच्या पिना काढल्या आणि सगळं आत. पानं सुटायला लागली. निळी शाई आधी सुटली, मग लाल. पाण्याचा रंग द्राक्षासारखा झाला. मी बाह्या सरसावून फाडायला बसले.

दोन वाजता ताई आली. पाण्याचा पेला हातात धरून गॅलरीच्या दारात उभी राहिली.

"हे काय करतेयस?"

"वाडगं! ताई, ऐक ना, राजाच्या काळात..."

"कुठून घेतलंस?"

"दाराशी होतं. तू टाकायला काढलंयस ना?"

ती वाकली, टबातून एक पान काढलं, त्यावरचं लाल अक्षर बोटावर आलं. मग तिने पेला खाली ठेवला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"टाकायलाच काढलं होतं," ती म्हणाली. "चौथा बुधवार आहे हा."

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी मी दाराशी ठेवते. संध्याकाळी आई बाकीचा कचरा घेऊन खाली जाते. आणि हे परत माझ्या टेबलाखाली असतं."

"आई ठेवते? काही बोलत नाही?"

"मीही नाही बोलत."

"मग तूच न्यायचंस ना खाली! लिफ्ट आहे की."

"लिफ्टपर्यंत नेववत नाही मला, राओन." हे ती अगदी साधेपणाने म्हणाली.

मग तिने एक वही ओढली आणि फाडायला लागली. लहान लहान तुकडे, एकसारखे. ताईच ती, फाडणारही नीटच. आम्ही जवळजवळ चार तास फाडत होतो. उकाडा असा की गॅलरीच्या काचेला हात लावला तर भाजत होता. समोरच्या झाडावर सिकाडा किडे किर्र करत होते. मी दमले! मला वाटायचं की मी दमत नाही. बोटांची टोकं पाण्याने सुरकुतली आणि खांदे लाकडासारखे झाले. ताई थांबतच नव्हती. सहा वाजायला आले तेव्हा ती म्हणाली, "आई विचारेल."

"मग सांगू की."

"तू सांग. सांग की तू घेतलंस, मी झोपले होते. तुला रागवेल, दोन दिवसांत विसरेल."

"आणि तू?"

"मी काही ठरवलं असं होणार नाही मग. आपोआप झालं असं होईल." ती हात पुसत उठली. "माझ्याच्याने तिला तोंडावर नाही सांगवत की पाचव्यांदा नाही बसणार. तिचे हात बघितलेस?"

मी हो म्हटलं. बोलणी खायला मला काही वाटत नाही, सवय आहे. उलट मला जरा मोठं झाल्यासारखं वाटलं. ताईचं गुपित!

आई आली. बूट काढले, बसली, उठली. दाराशी काही नाही हे तिने बघितलं. मग गॅलरीकडे बघितलं. टबात हात घातला. लगदा वर काढला, बोटं पसरली. एका तुकड्यावर ताईचं अक्षर अजून दिसत होतं, तो तिने अंगठ्याने सरळ केला.

"कुणी केलं हे?"

"मी," मी पुढे झाले. "मला वाटलं टाकायचंय. ताई झोपली होती. वाडगं करायचंय, शाळेचं. सॉरी, आई, खूप सॉरी."

मी मान खाली घालून वाट बघितली. आई ओरडलीच नाही. तिने हात नळाखाली धरला, जांभळं पाणी मोरीत गेलं.

"असू दे," ती म्हणाली. "होतं असं. नव्या घेऊ. पुन्हा एकदा लिहून काढलं की पक्कंही होईल सगळं. नाही का गं, चिन्सोल?"

ताई दारात उभी होती. "हो," ती म्हणाली.

"राओन, उद्या जाऊन अकरा वह्या आण. तशाच निळ्या." मग आईने सोयाबीनच्या गार दुधातल्या शेवया केल्या आणि आम्ही तिघी खाली मान घालून भुरकत बसलो. मी ताईच्या पायाला पाय लावून बघितला. तिने पाय आत घेतला.

दुसऱ्या दिवशी मी वह्या आणल्या. ताईने पहिल्या वहीवर तारीख घातली. जुन्या प्रश्नसंचांचा एक ढीग अजून तिच्या कपाटात होता. त्यातून ती चुकलेले प्रश्न कापायला बसली. कातरीचा आवाज खोलीतून यायचा. इकडे मी गॅलरीत लगदा कुटत होते. घरात लसूण कुटायचा दगडी खल तेवढाच होता, टब भरून लगदा आणि वाटीभर खल. पिळायचं, कुटायचं, बाजूला ठेवायचं. पिळायचं, कुटायचं. पहिल्या दिवशी मी मोजत होते, दुसऱ्या दिवशी मोजणंही सोडलं. लगद्याला लसणाचा वास लागला आणि उकाड्याने आंबटही व्हायला लागला. रंग जांभळट करडा, पावसाळी ढगासारखा. चिकट तांदळाची खळ घालून मी तो भाताच्या स्टीलच्या वाटीवर थापला. पहिलं वाडगं वाळताना दुभंगलं. खळ कमी पडली होती. परत भिजवा, परत कुटा.

खरं सांगायचं तर मला आता ते वाडगं नकोसं झालं होतं. कुटता कुटता कातरी ऐकू यायची आणि प्रत्येक वेळी वाटायचं, मी नसते तर हे झालं नसतं. गठ्ठा दर बुधवारी ताईने दाराशी ठेवला असता, आईने परत आत नेला असता, आणि कधीतरी दोघींतली एक कंटाळली असती. माझ्यामुळे ताई आता सगळं पहिल्यापासून लिहीत होती. तोंड उघडायचं म्हणून मी दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा ती मान वर न करता म्हणाली, "जा, तुझा लगदा सुकेल."

शनिवारी शेड लवकर सुटली. आई एक वाजताच आली, पिशवीत डागी पीच घेऊन. त्या दिवशी तिचे हात फारच वाईट होते, लाल, जागोजागी खाजवून सोललेले. तरी आधी तिने पीच सोलला, बशीत फोडी केल्या आणि ताईसमोर ठेवायला गेली. ताई स्वयंपाकघरातल्या जमिनीवर छोटं मेज मांडून लिहीत होती, कारण पंखा तिथेच होता. मी गॅलरीच्या उंबऱ्यावर खल मांडीत घेऊन बसले होते.

"खा," आई म्हणाली.

ताईने पेन खाली ठेवलं. "आई, मी परीक्षेला नाही बसणार."

"पीच खा आधी. गार आहे."

"राओनने काही केलं नाही. दाराशी मी ठेवले होते ते."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत आहे हे मलाही माहीत आहे."

"मग कशाला बोलतेस?" आईचा आवाज चढला आणि लगेच उतरला. बशी तिच्या हातातच होती. "एप्रिलची परीक्षा लांब आहे अजून. थंडी आली की डोकं थाऱ्यावर येईल. दीड गुण, चिन्सोल. दीड गुणाने काय होतं!"

"दीड गुणाने चार वर्षं होतात."

मी खलातला बत्ता हळूच बाजूला ठेवला.

"तुझे हात बघते मी रोज," ताई म्हणाली. "बघते आणि वाटतं, अजून एक वर्ष. मग पुस्तक उघडते आणि अक्षर दिसत नाही. नुसती लाल-निळी रेघ. मला माझी चूक काय ते पाठ झालंय, आई, बरोबर काय तेच आठवत नाही." ती रडत नव्हती. निकाल वाचून दाखवावा तशी सांगत होती. "आळस नाहीये हा. तू आळस म्हणशील म्हणून मी चार बुधवार गप्प बसले."

"मी कधी आळस म्हटलं?"

"थोरल्या मावशीने म्हटलं. गेल्या चुसकच्या सणाला. सगळ्यांच्या पानांसमोर. आणि तू तेव्हा मला वाढत होतीस."

आई खाली बसली. दाराशी बसते तशी, एकदम. बशी जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी कोपरं चोळायला लागली.

"मला दर बुधवारी वाटायचं," ती म्हणाली, "आज नाही ठेवणार ही. आणि घरी यावं तर दारात गठ्ठे. दिवसभर पेट्या उचलून यायचं आणि घरी आल्यावर परत ते उचलायचे. किती जड होते माहितीये? कमरेत कळ यायची माझ्या." ती थांबली. "मीही थकलेय गं."

मला वाटलं आता कुणीतरी कुणालातरी मिठी मारेल. कुणीच मारली नाही. पंखा फिरत होता. ताईने एक फोड उचलली, अर्धी खाल्ली. उरलेली आईपुढे धरली. आईने मान हलवली, मग घेतली.

"चुसक तीन आठवड्यांवर आलाय," आई म्हणाली. "तुझी थोरली मावशी विचारेल. काय सांगू मी तिला?"

"नापास झाली सांग."

"ते चार वेळा सांगून झालं."

"मग सांग थांबली."

"थांबली आणि पुढे काय, विचारेल."

"ते मला नाही माहीत, आई."

आईने डोळे मिटले, पर्सिमनचा रस प्यायली होती तेव्हासारखे. मला वाटलं ती आता उठून नव्या वह्या ताईच्या टेबलावर नेऊन ठेवेल. पण तिने खिशातून फोन काढला.

"आत्ता कशाला?" ताई घाबरून म्हणाली. "आई, राहू दे ना, सणाला सांगू."

"सणाला माझ्या अंगात कुठे बळ असतं? आत्ताच होऊन जाऊ दे." तिच्या बोटांना पीचचा रस लागला होता, फोन बोट ओळखेना. दोनदा पुसलं. शेवटी स्पीकर लावून फोन जमिनीवरच ठेवला आणि भिंतीला टेकली. ताईही फ्रिजला टेकली आणि तिने गुडघ्यांवर डोकं ठेवलं.

थोरल्या मावशीचा आवाज बिनस्पीकरचाही घरभर ऐकू येतो. आधी पीचचा भाव, मग मावसोबांचा गुडघा, मग, "आणि आपल्या चिन्सोलचं काय? क्लास लावला ना पुन्हा?"

"नाही, ताई. यंदा नाही बसणार ती."

"बरी नाहीये का?"

"बरी आहे."

"मग पुढच्या वर्षी बसेल म्हण की."

"पुढच्या वर्षीही नाही. थांबली ती. सोडली परीक्षा."

मग मावशी सुरू झाली. अगं तूच ढील दिलीस, अमक्याची मुलगी सहाव्या वेळी नोकरीला लागली, आपल्या वेळी कुणी असं म्हटलं असतं का, एवढ्या वर्षांवर पाणी सोडायचं म्हणजे काय. आई मधूनमधून "हं" म्हणत होती. मी उंबऱ्यावरून आईकडे बघत होते. मला वाटत होतं ती कुठेतरी वाकेल आणि "बघते, समजावते तिला" असं म्हणेल, आईला तसंच म्हणायची सवय आहे. ती तोंड उघडायची, परत मिटायची.

"आणि मग ती आता करतेय काय?" मावशी शेवटी म्हणाली. "नुसती घरात बसून? मला सांग, या क्षणी काय करतेय ती?"

आईने ताईकडे बघितलं. ताईचं डोकं गुडघ्यांवरून एका बाजूला कलंडलं होतं, तोंड अर्धं उघडं, श्वास खोल, संथ. फ्रिजला टेकून ती चक्क झोपली होती.

"झोपलीये," आई म्हणाली.

"दुपारी दीडला?"

"हो. हळू बोल, ताई."